वरून येणारी घंटा

रफिक हमदुले घराला कुलूप लावलं की ते ओढून बघतो, पुन्हा ओढून बघतो, आणि जिना उतरून खाली आला की एकदा शेवटचं बघायला परत वर जातो. शारजातल्या रोल्ला भागातल्या त्याच्या बिल्डिंगमधल्या लोकांना याची इतकी सवय झाली आहे, की तो जिन्यात भेटला तर चढतोय की उतरतोय हे कुणी विचारत नाही. शहनाझ, त्याची बायको, पाहुण्यांना सांगते की निकाहाच्या वेळी ‘कबूल’ म्हणायच्या आधी या माणसाने काझीसाहेबांनाच विचारलं होतं, नक्की ना? हे खरं नसावं. पण रफिकला ओळखणारा कुणीही माणूस ते ऐकून मान डोलावतो, यातच काय ते आलं.

असा हा माणूस पंचावन्नाव्या वर्षी बोटीचा कॅप्टन झाला. हे नशीब म्हणावं की नशिबाने केलेली थट्टा, ते ज्याने त्याने ठरवावं.

तसा तो पाण्यावरचाच. दाभोळच्या खाडीत त्याचे वडील प्रवासी लाँचवर सारंग होते. सारंग म्हणजे वर चाकापाशी उभा राहणारा, लाँच कुठून न्यायची ते ठरवणारा. रफिक मात्र खाली, इंजिनाच्या खोलीत. त्या खोलीला खिडकी नव्हती. तिथे होतं ते इंजिन, डिझेलचा वास, आणि डोक्यावर दोरीला बांधलेली एक पितळी घंटा. वरून सारंग दोरी ओढायचा. एक टोला पडला की पुढे, दोन पडले की थांब, तीन पडले की मागे. खालच्या माणसाने विचार करायचा नाही, घंटा ऐकायची आणि हात हलवायचा. घंटा आणि हात यांच्यामध्ये डोकं आलं की लाँच धक्क्यावर आपटलीच म्हणून समजा. रफिकचं डोकं कधी मध्ये आलं नाही, म्हणून तर खाडीभर त्याच्यासारखा इंजिनवाला नाही असं लोक म्हणत.

एकदा धीर करून त्याने वडिलांना म्हटलं होतं, मला वर घ्या, चाक शिकवा. म्हातारा हसला नाही, रागावलाही नाही. म्हणाला, “तुझा हात चांगला आहे रे. पण जीव भित्रा आहे. तू खालीच बरा.” रफिकला ते लागलं. पण खरं सांगायचं तर त्याला सुटल्यासारखंही वाटलं. खाली बसलेल्याला समोरची जहाजं दिसत नाहीत आणि काही चुकलंच तर वरून घंटा आली होती एवढं म्हटलं की झालं.

पुढे तो आखातात आला. शारजात टगवर, म्हणजे मोठी जहाजं ओढून धक्क्याला आणणाऱ्या बोटीवर, इंजिनाच्या खोलीत त्याने उमेदीची वर्षं काढली. तिथे घंटेऐवजी भिंतीवरचा स्पीकर होता, पण हुकूम यायचा तो वरूनच. टग विकले गेले तेव्हा मालकाने त्याला आपल्या वर्कशॉपवर घेतलं. या मालकाला सगळे अरबाब म्हणतात. त्याची खोर फक्कानच्या बंदरात ‘नूरा’ नावाची सहलीची बोट आहे. शनिवार-रविवारी दुबईचे लोक येतात, डोंगरांच्या कडेने समुद्रात फिरतात, फोटो काढतात आणि जातात. नूराचा कॅप्टन अबरार नोकरी सोडून गावी गेला तेव्हा अरबाबने रफिककडे बघितलं. इतकी वर्षं समुद्रावर आहेस, परवाना काढ, म्हणाला. थंडीचा मोसम तू नीट काढून दाखव, मग कॅप्टन तूच. नाही जमलं तर वर्कशॉप आहेच.

रफिक नाही म्हणणार होता. पण मुलगी इन्शा मध्ये पडली. कॉलेजात शिकणारी ही पोर महिनाभर रोज बापाला प्रश्न विचारत बसली. कोणती बोट कुणाला वाट देते, लाल दिवा कुठल्या बाजूला, हिरवा कुठल्या. रफिक पास झाला. परवान्याच्या कार्डावरचा त्याचा घाबरलेला फोटो इन्शाने मैत्रिणींना पाठवला, खाली लिहिलं, माय फादर, द कॅप्टन. त्याने तो संदेश तिच्या फोनवर कितीतरी वेळ बघितला होता. कॅप्टन राहायचं होतं ते त्या एका ओळीसाठी. आणि कबरीत झोपलेल्या म्हाताऱ्याला खोटं पाडायचं होतं, तेही होतंच.

पहिले काही फेरे सोपे गेले, कारण नूरा मोकळ्या पाण्यावरून थेट समुद्रात जायची. मग सहलीच्या बोटींच्या जेट्टीचं काम निघालं आणि सगळ्या बोटी काही आठवड्यांसाठी बंदराच्या आतल्या धक्क्याला हलवल्या गेल्या. आता बाहेर पडायचं तर कंटेनरच्या जहाजांच्या वाटेतूनच. त्या वाटेला दोन्ही बाजूंनी खुणेची तरंगती पिंपं, आणि त्यांच्या मधलं पाणी म्हणजे बंदराचा दरवाजाच. आधी रेडिओवर पोर्ट कंट्रोलला विचारायचं. ते थांब म्हणतील तोवर थांबायचं. जा म्हणाले की जायचं, उजवी कड धरून, आणि एकदा आत शिरलं की काय वाट्टेल ते झालं तरी मध्ये थांबायचं नाही. मागून येणाऱ्या मोठ्या बोटीला ब्रेक नसतो.

शुक्रवारी रफिकला जेवण गेलं नाही. इन्शा म्हणाली, “अब्बा, यू आर ओव्हरथिंकिंग. यू पास्ड द एक्झाम.” त्याने तिला एवढंच सांगितलं की परीक्षेतली जहाजं कागदावर होती.

शनिवारी सकाळी धक्क्यावर पोहोचला तर चाकाच्या खोलीच्या दारात एक चकचकीत पितळी घंटा टांगलेली. अरबाबला कुठल्याशा दुकानात आवडली, गिऱ्हाइकांना फोटोला बरी म्हणून त्याने परवाच लावून घेतली होती, असं नागेशने सांगितलं. नागेश म्हणजे बोटीवरचा दुसरा माणूस, कारवारचा, दोर आणि नांगर बघणारा. घंटेकडे बघून रफिकला बरं वाटलं नाही. का, ते त्याला सांगता आलं नसतं. त्याने इंजिनाचं तेल बघितलं, पाणी बघितलं, पट्टा बघितला, सगळं पुन्हा एकदा बघितलं, आणि एवढ्यात पाहुणे आले.

दुबईच्या करामा भागातून आलेली आठ-दहा मंडळी होती. त्यांचे पुढारी सूर्यकांत मेहेंदळे, मूळचे पुण्याचे, दुबईत विम्याच्या ऑफिसात मोठ्या हुद्द्यावर. पुढच्या महिन्यात रिटायर होऊन परत जायचे होते, म्हणून ही नातेवाइकांची सहल. सोबत पत्नी अनुपमा, आणि तिच्या हातात कोथिंबीर वड्यांचा भला मोठा डबा. कॅप्टन दाभोळचा आहे आणि मराठी बोलतो हे कळल्यावर मेहेंदळ्यांना कोण आनंद झाला. अहो, म्हणजे आपलेच की, म्हणत त्यांनी रफिकचा हात हातात घेतला आणि आपलेपणाने एकेक प्रश्न विचारायला सुरुवात केली. इथे पाणी किती खोल? बोट कधी उलटली आहे का? लाइफ जॅकेट कितपत चालतात? माणूस विम्यातला, दुसऱ्याच्या पोटात गोळा आणणं हा त्यांचा आयुष्यभराचा धंदाच होता. रफिक प्रत्येक प्रश्नाला हसून उत्तर देत होता आणि आतून पाणी पाणी होत होता.

अनुपमाबाईंनी त्याला आग्रहाने वडी दिली. त्याने खाल्ली. चव कळली नाही.

दोर सोडून ते वाटेच्या तोंडाशी आले आणि रफिकने रेडिओ उचलला. उत्तर आलं, “नूरा, वेट.”

मग थांबणं. इंजिन हळू चालतंय, बोट जागच्या जागी डुलतेय, आणि समोरून एक कंटेनरचं जहाज आत येतंय. पुढे एक टग, मागे एक टग आणि मध्ये ते धूड. ते हलतंय असं वाटतच नव्हतं, फक्त पलीकडचा तांबडा डोंगर हळूहळू दिसेनासा होत होता. सगळा डोंगर गेला तेव्हा पाहुण्यांची बडबडही थांबली. नूरावर सावली पडली. वर कठड्याशी उभा असलेला माणूस मुठीएवढा दिसत होता. मेहेंदळे हलक्या आवाजात म्हणाले की याने नुसती कूस बदलली तरी आपलं काही खरं नाही. त्यांच्या पत्नीने त्यांना गप्प बसायला सांगितलं.

रफिकचे तळहात घामाने निसटत होते. शर्टाला पुसायचा, पुन्हा चाक धरायचा. आयुष्यात अशी किती जहाजं त्याच्या शेजारून गेली असतील, पण तेव्हा तो खाली होता आणि त्याला ती दिसत नव्हती. न बघता माणूस किती धीट असतो, हे त्याला त्या दिवशी कळलं. मागे फिरावं, तब्येत बरी नाही म्हणावं, असंही एकदा मनात येऊन गेलं. तेवढ्यात रेडिओ बोलला. नूराने निघावं, उजवी कड धरावी, मागून एक टग रिकामा बाहेर जातोय, थांबू नये. रफिकने सगळं जसंच्या तसं परत म्हणून दाखवलं, जसं इन्शाने शिकवलं होतं. एक मोठा श्वास घेतला आणि थ्रॉटल, म्हणजे वेगाचा दांडा, पुढे सारला.

नूरा वाटेत शिरली आणि चांगली चालली. पिंपांमागून पिंपं मागे पडत होती. अर्धी वाट संपली तेव्हा त्याचा खांदा जरासा खाली आला. पुढे उघडा समुद्र दिसायला लागला होता, निळा, रिकामा. जमतंय की, असं त्याला वाटलं. आणि हे वाटलं याचीच लगेच भीती वाटली.

अनुपमाबाई पुढे आल्या. उघडा समुद्र दिसल्यावर त्याला हात जोडावेत एवढंच त्यांच्या मनात. दारातून जाताना डोक्यावर घंटा दिसली. आता देवळात शिरताना घंटा वाजवावी की नाही, असा विचार करून कुणी वाजवतं का? हात आपोआप वर जातो. त्यांचाही गेला.

टण्. टण्.

रफिकने थ्रॉटल मागे ओढला. इंजिन निवांत झालं, बोटीचं नाक पाण्यात खाली बसलं आणि ती थांबली.

यात काही विशेष नाही असं कुणी म्हणेल. दचकला, चुकून हात गेला, लगेच सावरायचं. पण खरी भयंकर गोष्ट पुढेच आहे. रफिक सावरला नाही. थ्रॉटलवर हात ठेवून, मान किंचित खाली घालून तो उभा राहिला आणि पुढच्या घंटेची वाट बघू लागला. थांब म्हणून हुकूम आला होता, तो त्याने पाळला होता. आता पुढे म्हणतील तेव्हा पुढे. त्याला फार शांत वाटत होतं. समोर एवढी मोठी काच होती, काचेतून सगळं दिसत होतं, आणि तो त्यातलं काहीच बघत नव्हता.

रेडिओ नूराचं नाव घेऊन ओरडत होता. मागून टगने भोंगा दिला, एकदा, मग न थांबता. नागेश मागच्या बाजूने धावत आला आणि दारातच उभा राहून म्हणाला, “कॅप्टन, टग.”

कॅप्टन. क्षणभर रफिकला वाटलं, हा वरच्याला हाक मारतोय. त्याने खरोखरच मान वर करून बघितलं. वर छत होतं. छताच्या वर आभाळ, आणि चाकाशी त्याच्याखेरीज कुणी नव्हतं. मागे वळून बघितलं तर टगचं काळं नाक, त्याला बांधलेले मोठाले टायर आणि नाकाखाली उसळणारं पांढरं पाणी, इतकं जवळ की टायरची नक्षी दिसावी.

पुढे त्याने जे केलं ते ठरवून केलं नाही, पण केलं त्यानेच. चाक पुरतं उजवीकडे फिरवलं, थ्रॉटल टोकापर्यंत सारला आणि रेडिओत ओरडला की नूरा उजवीकडे वाट सोडून जातेय, टगने डावीकडे जावं. विचारलं नाही, सांगितलं. नूरा दोन पिंपांच्या मधून तिरकी बाहेर निसटली. टग शेजारून गेला तो एवढ्या अंतरावरून की हात लांब केला असता तर लागला असता. त्याच्या लाटेने नूरा या कुशीवरून त्या कुशीवर पडली, वड्यांचा डबा बोटभर सांडला, मेहेंदळ्यांच्या मेव्हणीने खाली बसून रामरक्षा सुरू केली. मग पाणी शांत झालं. कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं. रफिकने एकेकाकडे बघून ते मोजलं आणि पुन्हा मोजलं.

कंट्रोलने सांगितलं, नूराने धक्क्याला परतावं, कॅप्टनने ऑफिसात यावं.

नूरा धक्क्याकडे वळली. अनुपमाबाईंनी जवळ येऊन विचारलं की माझ्या घंटेने काही झालं का हो? त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. रफिक म्हणाला, “नाही वहिनी. तुम्ही देवाला नमस्कार केलात. तुमचं काय चुकलं?”

ऑफिसात तरुण अमिराती अधिकारी होता, बोलायला मऊ आणि हिंदी चांगली येणारा. मेहेंदळे आपणहून सोबत आले होते. रस्ताभर त्यांनी काय बोलायचं ते ठरवलं असणार, कारण अधिकाऱ्याने काही विचारायच्या आत त्यांनी स्वच्छ इंग्रजीत सांगून टाकलं की इंजिन एकदम बंद पडलं, कॅप्टनने उलट मोठ्या शिताफीने आम्हाला वाचवलं. मनात वाईट काही नव्हतं. ऑफिसात हयात गेलेला माणूस. चुकलं की ते माणसावर घ्यायचं नसतं, यंत्रावर टाकायचं असतं, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. अधिकाऱ्यालाही ते पटलं. इंजिनं बंद पडतात. बोट तपासून घ्या, पुढच्या वेळी काळजी घ्या, असं म्हणत तो उठायलाच निघाला. नागेश खाली बघत होता. रफिकने फक्त मान हलवायची होती. मान हलवली की दुपारपर्यंत सगळं मिटलं असतं आणि पुढच्या शनिवारी तो कॅप्टन म्हणूनच नूरावर चढला असता.

मान हलेना. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत त्याच्या हातातलं इंजिन चालता चालता एकदाही मेलं नव्हतं. त्याच्याकडे अभिमान म्हणून काही होतं तर ते एवढंच होतं.

“साब, इंजिन बिलकुल ठीक है,” तो म्हणाला. “मेरा हाथ गलत गया.”

अधिकाऱ्याने विचारलं, हाताने असं कसं केलं? रफिकला वाटलं, सांगावं, घंटा वाजली म्हणून. शब्द ओठांपर्यंत आले होते. मग त्याला दिसलं की हेही तेच आहे, वरून हुकूम आला होता. तो म्हणाला की मी घाबरलेला होतो, थ्रॉटल मागे घेतला आणि उभा राहिलो. हुकूम कुणी दिला नव्हता. चाकावर मी होतो.

मेहेंदळे मराठीत पुटपुटले की अहो, कशाला? रफिकने त्यांच्याकडे बघितलं नाही.

निकाल लगेच झाला. महिनाभर परवाना बंद. नंतर पुन्हा परीक्षा, तीही कागदावर नाही. परीक्षक शेजारी उभा राहणार आणि नूरा याच वाटेतून न्यायची. अरबाबला फोन गेला. अरबाब ओरडला नाही. तोवर वर्कशॉपला जा, म्हणाला. परीक्षा द्यायची नसेल तर तसं आजच सांग, मी दुसरा माणूस बघतो.

पाहुणे गाडीत बसून गेले. रफिक नूरावर परतला आणि सवयीने इंजिनाचं झाकण उघडून आत उतरला. अंधार, डिझेलचा वास, अजून गरम असलेलं लोखंड. त्याने इंजिनावर हात ठेवला आणि त्याच्या जिवात जीव आला. महिनाभर वर्कशॉप. समोर काच नाही, जहाजं नाहीत, रेडिओ नाही. त्याला हसू आलं आणि लगेच डोळे भरून आले, कारण म्हातारा किती बरोबर बोलला होता ते त्याला कळत होतं. तो खालीच बरा होता. इथे त्याला काहीच भीती वाटत नव्हती. आणि वाटेच्या मधोमध, टग अंगावर येत असताना, तेव्हाही त्याला असंच शांत वाटलं होतं. हे आठवलं आणि तो झटकन वर आला.

धक्क्यावर उन्हात बसून त्याने शहनाझला फोन लावला. काही न लपवता सगळं सांगितलं.

“इन्शाचे अब्बा, सोडा आता,” ती म्हणाली. “वर्कशॉप देतायत ना, ते घ्या. जीव तरी थाऱ्यावर राहील तुमचा.”

सकाळी हेच कुणी म्हटलं असतं तर त्याने त्या माणसाचे पाय धरले असते.

“अरबाबला सांगितलंय,” तो म्हणाला. “परीक्षा देणार म्हणून.”

“आणि पुन्हा हात गेला तर?”

रफिकने उजव्या हाताकडे बघितलं.

“जाईल,” तो म्हणाला. “पण या वेळी मी बघत असेन.”